हट्ट्यातली फॉरेनर म्याडम

इंग्लिश शिकवायला लोक जपान-कोरियाला जातात. मी सुट्टीत पोचले हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यातल्या हट्ट्याला! माझं पुणेरी ‘इकडे या ना जरा’ ऐकून पोरी खुदूखुदू हसायच्या. म्हणजे फॉरेनर मीच!

महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी ‘स्पीक इन इंग्लिश’ म्हटलं की वर्ग एकदम चिडीचूप. मग सहज विचारलं, घरी हळदीचं काय करता?

‘कुकरमधी शिजवतो, वाळवतो, मंग पॉलिश.’

आणि पाणी?

‘थ्री फेज आली की मोटरचा स्टार्टर दाबायचा. डीपी जळाला की खेळ खल्लास, म्याडम!’

मोजा बरं! सात इंग्लिश शब्द, तेही न अडखळता. मी फळ्यावरचं ‘ॲपल’ पुसलं, ‘स्टार्टर’ लिहिलं. मागच्या बाकावरचे हातही चक्क वर आले. इंटरव्ह्यूत इंग्लिश म्हटलं की ततपप होणारे हुशार मित्र आपल्याही ऑफिसात असतात. त्यांनाही कुणीतरी त्यांच्याच शब्दांपासून सुरुवात करून द्यायला हवी होती.

जाणार असाल तर औंढा नागनाथचं ज्योतिर्लिंग याच जिल्ह्यात आहे. येताना हळद आणा. वसमतच्या हळदीला आता जीआय टॅग आहे. पोरांसाठी आठवा शब्द तयार!