खर्ज कुठे जातो?

माझ्याकडे स्पीकर घेऊन येणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात संपते : ‘आवाज स्वच्छ आहे, पण भरीव नाही.’ तबल्याची चाट लख्ख ऐकू येते, डग्ग्याचा घुमारा मात्र दुरून आल्यासारखा वाटतो. भीमसेनजींची तान चमकते, पण त्या आवाजामागची छाती जाणवत नाही. यांतले बरेच स्पीकर हौसेनं घरी बांधलेले असतात. युनिटं चांगली, साडेसहा इंची वूफर, एक इंची रेशमी डोमचा ट्वीटर, खोका जाड प्लायचा. कुणी तरी सांगितलेलं असतं, सबवूफर घ्या किंवा मोठा अँप लावा. माझं मत असं की, बहुतेक वेळा या दोन्हींची गरज नसते. एक कॉइल आणि एक रेझिस्टन्स एवढ्यावर काम होतं. मात्र त्याची किंमत काय पडते, तेही आधी सांगायला हवं.

खर्ज जातो कुठे, ते आधी पाहू. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 344 मीटर. म्हणजे 2000 हर्ट्झची लहर जेमतेम 17 सेंटिमीटर लांब, तर 100 हर्ट्झची जवळजवळ साडेतीन मीटर. वूफर ज्या फळीवर बसवतात ती पुढची फळी, म्हणजे बॅफल, 20 सेंटिमीटर रुंद असेल तर आखूड लहरींना ती भिंतीसारखी वाटते. मागे जाता येत नाही, म्हणून त्या सगळ्या ऐकणाऱ्याकडेच येतात. लांब लहरींना तीच फळी जाणवतही नाही. पाण्यात रोवलेल्या खांबाला मोठी लाट वळसा घालून पुढे जाते, बारीक तरंग मात्र त्यावर आपटून परत फिरतो, तसंच. खालचे स्वर खोक्याच्या मागेही पसरतात आणि समोर बसलेल्याच्या वाट्याला त्यांचा दाब निम्मा येतो, म्हणजे 6 डेसिबलनं कमी. हा बदल एकदम होत नाही, हळूहळू होतो. त्याचा मध्य काढायला कामचलाऊ हिशोब सोपा आहे : 115 ला फळीच्या मीटरमधल्या रुंदीनं भागायचं. 20 सेंटिमीटरच्या फळीला उत्तर येतं 575 हर्ट्झ.

आता हा आकडा आपल्या संगीतावर ठेवून बघा. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा मध्य षड्ज 139 हर्ट्झच्या आसपास असतो, आणि त्याच्या तानपुऱ्याच्या खर्जाची तार त्याच्याही निम्म्यावर, 69ला. या तारेचा मूळ स्वर अंगानं बारीकच असतो, तिचं वैभव वरच्या स्वरांशांत असतं. पण त्यांतलेही पहिले सात-आठ 575च्या खालीच येतात. पुरुषी आवाजाचा सगळा भरणा या उतरत्या भागात, तर शब्दांचे च, स, त हे 2000च्या वर, म्हणजे पूर्ण ताकदीनं येणाऱ्या भागात. म्हणून गायक अचानक सडपातळ झाल्यासारखा वाटतो. लोक याला ‘बास कमी’ म्हणतात. खरं तर 40 हर्ट्झच्या धडधडीशी याचा फारसा संबंध नाही. बिघडतो तो मधल्या आणि खालच्या स्वरांमधला तोल.

हे काही नवं ज्ञान नव्हे. अमेरिकेत आरसीएमध्ये काम करणाऱ्या हॅरी ओल्सननं 1951 साली गोल, चौकोनी, दंडगोल अशा वेगवेगळ्या आकारांच्या खोक्यांची मोजमापं छापली होती. गोलाचा आलेख सरळ चढत गेला, घनाचा मात्र खालीवर हेलकावे खात. तरीही पुस्तकातल्या सूत्रावरून केलेल्या क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे वूफर आणि ट्वीटरला स्वर वाटून देणाऱ्या जोडणीत, हा हिशोब बहुधा नसतो, कारण ती सूत्रं वूफरला आठ ओहमचा साधा रेझिस्टन्स समजतात. कंपनीच्या कागदावरचा आलेख अनेकदा मोठ्या फळीवर मोजलेला असतो, त्यातही हा उतार दिसत नाही. माइक वूफरच्या अगदी जवळ धरून मोजलं तरी दिसत नाही. तो दिसतो थोडं दूर गेल्यावर, आपण जिथे बसून ऐकतो तिथे.

उपाय असा. वूफरच्या प्लसच्या तारेत 1 मिलिहेन्रीची कॉइल घालायची आणि तिला समांतर 3.9 ओहमचा, दहा वॉटचा रेझिस्टन्स. खालच्या स्वरांना कॉइल सहज वाट देते, रेझिस्टन्स जणू नसतोच. वर जावं तशी कॉइल अडवू लागते आणि प्रवाहाला रेझिस्टन्समधून जावं लागतं. आठ ओहमच्या वूफरला वरच्या भागात सुमारे साडेतीन डेसिबल कपात मिळते. पूर्ण सहा का नाही? कारण घर म्हणजे मोकळं मैदान नव्हे. मागे गेलेला खर्ज भिंतीवरून थोडाफार परत येतोच.

मग ट्वीटरही तेवढाच खाली आणावा लागतो, नाहीतर आवाज आणखी बोचरा होईल. ट्वीटरला लागून 2.7 ओहम सिरीजमध्ये आणि 15 ओहम समांतर घेतले की साडेतीन डेसिबल उतरतात आणि ट्वीटरच्या फिल्टरला दिसणारा भार आठ ओहमच राहतो. वूफरच्या फिल्टरला दिसणारा भार मात्र बदलतो, म्हणून जोडाच्या भागात, अडीच-तीन हजार हर्ट्झच्या आसपास, पुन्हा मोजून कंडेन्सर कमीजास्त करावा लागतो. पुष्कळ तयार स्पीकरांत कॉइल-रेझिस्टन्सची अशी वेगळी जोडी दिसणारच नाही. तिथे वूफरची मूळ कॉइलच मोठी घेऊन स्वर वाटायचं आणि तोल सावरायचं अशी दोन्ही कामं एकीकडून करून घेतलेली असतात.

किंमत म्हणालो ती इथे येते. आपण खर्ज वाढवला नाही, बाकीचं खाली आणलं. पूर्वीइतका मोठा आवाज हवा तर अँपला सव्वादोनपट ताकद द्यावी लागते, वीस वॉटच्या जागी पंचेचाळीस. बीबीसीनं 1970च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस3/5ए नावाचा छोटा मॉनिटर बनवला. त्याची पुढची फळी 19 सेंटिमीटर रुंद, आणि संवेदनशीलता अवघी 82-83 डेसिबल. आजचे कित्येक स्पीकर तेवढ्याच विजेवर त्याहून मोठे वाजतात. पण माणसाचा आवाज माणसासारखा यावा म्हणून त्यांच्या इंजिनिअरांनी क्रॉसओव्हरलाच तोल सावरायचं काम दिलं आणि ताकदीचा तोटा समजून-उमजून पत्करला. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. दुकानात दोन स्पीकर शेजारी ठेवले की मोठा वाजणारा विकला जातो. घरी वर्षानुवर्षं ऐकला जातो तो दुसरा.

कॉइल मात्र जाड तारेची घ्या. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत स्वस्त मिळते म्हणून बारीक तारेची घेतली, तर तिचाच रेझिस्टन्स एक ओहमपर्यंत जाऊ शकतो. सहा ओहमच्या व्हॉइस कॉइलपुढे तो एक ओहम आला की सव्वा डेसिबल वाया जातं आणि अँपची कोनवरची पकड ढिली होते. डग्ग्याचा ठोका त्यामुळे पसरट होतो. ती कॉइल ट्वीटरच्या कॉइलपासून लांब आणि तिच्याशी काटकोनात बसवा, म्हणजे दोघींची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांत मिसळणार नाहीत.

आणि ज्यांचे स्पीकर शोकेसच्या कप्प्यात किंवा भिंतीला चिकटून आहेत, त्यांनी यातलं काही करू नये. तिथे भिंतच फळीचं काम करते. वर आणखी कपात केली तर गाणं घोंगावायला लागेल. पाच इंची वूफरकडून 30 हर्ट्झ मागणाऱ्यांनाही ही जोडी उपयोगाची नाही. बंद खोक्याचा प्रतिसाद त्याच्या अनुनादाखाली दर सप्तकाला 12 डेसिबलनं उतरतो, भोकाच्या खोक्याचा 24नं. तेवढाच आवाज एक सप्तक खाली हवा असेल तर बंद खोक्यातल्या कोनला चौपट हलावं लागतं. तिथे सबवूफरच हवा.

बाकीच्यांनी कॉइल 1 मिलिहेन्रीच ठेवून रेझिस्टन्स 2.2, 3.3, 3.9 आणि 4.7 ओहमचे आणावेत. स्पीकर नेहमीच्या जागी ठेवून, तानपुरा नीट रेकॉर्ड झालेली एखादी पुरुषगायकाची मैफल लावावी आणि आलटून पालटून ऐकावं. वूफरचा रेझिस्टन्स ठरला की त्या प्रमाणात ट्वीटरची जोडीही बदलावी. घाई करू नये. एका रेझिस्टन्सवर चार दिवस राहावं. 2.2वर बहुधा फरक जाणवतो न जाणवतो, आणि 4.7वर शब्द मागे सरकून गायक खोल बोळातून गातोय असं वाटू शकतं. या दोन टोकांच्या मध्ये ज्या रेझिस्टन्सवर तानपुऱ्याची जोड आणि खर्ज एकाच वाद्यातून येताहेत असं वाटेल, तिथे डाग देऊन पक्कं करावं.