बिल हाय का, सर?

दुकानाच्या काउंटरवर बिल आपटून हुज्जत घालणारी माणसं मला कधीच आवडली नाहीत. खरं सांगायचं तर मी त्यांना हलकं समजायचो. मिक्सरचं भांडं गळतं म्हणून चकरा मारणारा, वॉरंटी कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जपणारा, टोल-फ्री नंबर लावून त्यातलं संगीत ऐकत बसणारा माणूस दिसला, की मनात यायचं, काय चिल्लर आयुष्य आहे याचं. माझ्या घरची वस्तू बिघडली की मी सरळ दुसरी आणायचो. हा आपल्या मनाचा मोठेपणा, अशी माझी समजूत होती. तो प्राध्यापकाच्या पगाराचा मोठेपणा होता.

माझा एक सहकारी ग्राहक पंचायतीचं काम करायचा. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ही चळवळ कशी उभी केली, पुढे १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा कसा आला, हे तो स्टाफरूममध्ये चहा थंड होईपर्यंत सांगायचा. २४ डिसेंबरला, ग्राहक दिनाला, मुलांपुढे त्याचं भाषण ठेवायचो आम्ही. मुलं जांभया द्यायची, मीही द्यायचो. त्याची पाठ वळली की मी म्हणायचो, "गेला बुवा वजनकाटा." सगळे हसायचे. एकदा त्यानं ते ऐकलं होतं, असा मला संशय आहे. तो कधी काही बोलला नाही.

वर्ध्याचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना कुलर म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की घराच्या भिंतीसुद्धा रात्रभर वाफ सोडतात. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी पत्र्याच्या बॉडीचा मोठा कुलर घेतला. हवा झकास द्यायचा. पण पाणी भरताना पत्र्याला हात लागला की बोटांना झिणझिण्या यायच्या. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "सर, तुमच्या घरचं अर्थिंग पाहून घ्या." कंपनीचा माणूस आला, टेस्टर लावून "थोडंफार राहतंच" म्हणाला आणि सही घेऊन गेला. हे असं दोनतीनदा झाल्यावर मी नेहमीचं केलं. दुसऱ्या दुकानातून दुसरा कुलर आणला.

आणि पहिला आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या बाईंना देऊन टाकला.

देताना मी काय म्हणालो ते मला शब्दशः आठवतं. "थोडा करंट मारतो, ओला हात लावू नका. खाली लाकडी पाट ठेवा." माझ्या बायकोला मी तो कुलर लावू दिला नव्हता. नातू सुट्टीत यायचा होता, म्हणून तर दुसरा आणला होता. जी वस्तू माझ्या नातवाजवळ नको, ती दुसऱ्याच्या लेकराजवळ चालेल, असा हिशेब मी केला होता आणि वर दानशूर म्हणून मिरवलो होतो. बाईंनी ऑटोवाल्याला बोलावून कुलर नेला, तेव्हा ऑटोचं भाडंही मीच दिलं. तेवढं मात्र न चुकता आठवतं.

काही दिवसांनी त्या नेहमीच्या वेळेला आल्या. भांडी घासली, ओटा पुसला. मग पदराला हात पुसत दारात उभ्या राहिल्या.

"सर, त्या कुलरचं बिल हाय का जी तुमच्यापाशी?"

मला वाटलं, विकायचा असेल. कशाला हवंय म्हणून विचारलं.

"पोराले करंट लागला ना राती. पानी टाकत होता."

मुलगा मागे फेकला गेला म्हणून सुटला होता. तळहातावर भाजल्याचा चट्टा होता, बाकी धडधाकट. मी पहिलं वाक्य काय बोललो असेन? "तो कुलर लावू नका, मी तुम्हाला दुसरा घेऊन देतो." खिशात हात गेलासुद्धा होता. इतक्या वर्षांची सवय.

त्या म्हणाल्या, "दुसरा नाई पायजे जी. याचं बिल पायजे. त्यानं असा इकला कसा, इचारतो ना त्याले."

मी गप्प झालो. मी बोलत नाही म्हटल्यावर त्यांनाच काय वाटलं कोण जाणे, त्या माझी समजूत घालायला लागल्या. "तुमी त देल्ला सर. पण त्यानं त इकला ना."

मला सोडून द्यायचं म्हणून बोललेलं ते वाक्य मला सोडत नाही. देणं आणि विकणं यांत त्यांनी केलेला फरक न्यायाचा आहे, पण मी त्या सवलतीला पात्र नव्हतो. दुकानदाराला निदान म्हणता आलं असतं, मला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. आणि ज्या गोष्टीला मी जन्मभर चिल्लरपणा म्हणत आलो, ती ही बाई माझ्या दारात उभी राहून करत होती. तिचा आवाज चढलेला नव्हता. तिला फुकटचं काही नको होतं. ज्यानं पैसे घेतले त्यानं उत्तर द्यावं, एवढंच म्हणणं होतं. हेच तो "वजनकाटा" स्टाफरूममध्ये वीस वर्षं सांगत होता.

इलेक्ट्रिशियनला घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. त्यानं पाठीमागची जाळी काढून बॅटरी मारली. पंपाची वायर पत्र्याच्या ज्या भोकातून बाहेर येत होती, त्या भोकाला रबराचं बुश बसवलेलंच नव्हतं. पंखा सुरू झाला की पत्रा थरथरायचा आणि त्याची धार वायरला घासायची. प्लॅस्टिक कापून आतलं तांबं चमकत होतं. काही रुपयांचं बुश. मग त्यानं जे सांगितलं त्यानं माझं तोंड आणखी उतरलं. माझ्या घरी अर्थिंग होतं, उन्हाळ्यात खड्डा सुकून कमजोर झालेलं, पण होतं. त्यामुळे उतरलेला बराचसा करंट जमिनीत जायचा आणि मला नुसत्या झिणझिण्या यायच्या. बाईंच्या घरात अर्थिंगच नव्हतं, बोर्डावर करंट तोडणारं आरसीसीबीही नव्हतं. तिथे करंटला जमिनीत जायला एकच वाट होती, ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहिलेलं पोर. दुकानदार अर्थिंगचं बोलला ते अर्धं खरं होतं, आणि त्या अर्ध्या खऱ्यावरच तो सुटत होता.

बिल मी केव्हाच फाडून टाकलं होतं. वॉरंटी कार्ड बायकोला सापडलं, मला न सांगता तिनं ते जपून ठेवलं होतं. पैसे फोनवरून दिलेले, त्याची नोंद निघाली. मग ज्याची टिंगल केली त्यालाच फोन लावला. त्यानं काही सुनावलं नाही, फक्त विचारलं, "तक्रारीचं कारण घडून दोन वर्षं तर झाली नाहीत ना?" तक्रारीला तेवढीच मुदत असते. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा आयोगात फी नाही, वकील लागतोच असं नाही, हे त्यानं सांगितलं. मी घाबरत विचारलं, की कुलर माझ्या नावावर आणि वापरणाऱ्या त्या, मग त्यांना बोलता येईल का? येईल म्हणाला. विकत घेणाऱ्याच्या संमतीनं वस्तू वापरणारासुद्धा कायद्यानं ग्राहकच असतो. हे मला निवृत्तीनंतर कळत होतं.

दुकानात आम्ही दोघं गेलो. काउंटरमागे गांधीजींचा फोटो होता आणि त्याखाली ग्राहक हा आपल्याकडचा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा वगैरे मजकूर. सेवाग्राम आठ किलोमीटरवर असलेल्या गावात तो मजकूर खपतोही चांगला. गांधीजींचा म्हणून तो जगभर भिंतींवर लटकतो, पण ते असं म्हणाल्याचा पुरावा मिळत नाही. १९४१ मध्ये अमेरिकेतल्या एका मोटार कंपनीच्या अधिकाऱ्याच्या नावावर तशीच वाक्यं छापली गेली होती. असो. दुकानदार माझ्याशी "या सर, बसा सर" करत होता, बाईंकडे बघत नव्हता. त्या मात्र त्याच्याकडेच बघत होत्या. "भाऊ, माह्या पोराचा हात पाय," एवढंच म्हणाल्या आणि मोबाइलमधला फोटो पुढे केला.

त्या दिवशी काही झालं नाही. त्या सहकाऱ्यानं लिहून दिलेली नोटीस रजिस्टर पोस्टानं गेली, १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तेव्हा फोन आला. कुलर परत, पैसे परत. मला तर आता आयोगात जायचंच होतं, चांगला जोर चढला होता. बाईंनी पैसे मोजून घेतले, मी नको म्हणत असतानाही निम्मे माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाल्या, "मले रोज रोज सुट्टी नाई भेटत जी." तेही बरोबरच होतं. त्या पैशांतून आणि माझ्याकडून थोडे घालून आम्ही त्यांच्या घरी अर्थिंग करून घेतलं आणि आरसीसीबी बसवलं.

परत घेतलेला कुलर दुकानाच्या मागच्या बाजूला उभा होता. मी विचारलं, याचं पुढे काय करणार? "कंपनीला पाठवतो ना सर." म्हटलं, पाठवल्याची पावती दाखवा. त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती माझ्या चांगल्या ओळखीची आहे, जन्मभर मी लोकांकडे तसाच बघत आलो. पावती अजून मिळालेली नाही. सोमवारी पुन्हा जाणार आहे.