दुनळीच्या खोऱ्यात

कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं, ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी टीव्हीवर पाहिलं असेल. जाडजूड जाकीट, श्वास रोखलेला, आणि ५० मीटरवर एक गोल. गोल जागचा हलत नाही, नेमबाजही हलत नाही.

पण त्याच स्पर्धेत, त्याच शातोरू गावात, आणखी एक नेमबाजी चालली होती. तिथलं लक्ष्य ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने पळत होतं! माहेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंग नरूका ही आपली जोडी स्कीटच्या मिश्र प्रकारात कांस्यपदकासाठी चीनशी झुंजली आणि ४३ विरुद्ध ४४ अशी हरली. एका तबकडीने! या खेळातली बंदूकही वेगळी. तिला म्हणतात ओव्हर-अंडर. आपल्याकडच्या जुन्या दुनळीत दोन नळ्या शेजारी शेजारी असतात, हिच्यात एकीवर एक. अशी बंदूक घ्यायची तर काय बघायचं, हे समजून घ्यायला आज आपण इटलीत जाऊ या.

समजा, तुमची ताई बावीस वर्षांची आहे. क्लबच्या बंदुकीवर शिकून तिने चांगले गुण मिळवलेत आणि आता स्वतःची पहिली बंदूक घ्यायची आहे. घरात पैसे मोजकेच आहेत, चुकीची निवड परवडणार नाही. (बावीस का? आपल्या कायद्यात २१ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय शस्त्राचा परवानाच मिळत नाही. त्याआधी फक्त नियमांच्या चौकटीत, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सराव करता येतो. शिवाय परदेशातून बंदूक आणायची परवानगी ठरावीक पात्रता मिळवलेल्या नेमबाजांनाच मिळते. तेव्हा ‘बाबा, मला पण’ हा हट्ट आत्ताच सोडा!) चला तर, ताईला घेऊन निघू.

मिलान शहरापासून पूर्वेला ९० किलोमीटरवर ब्रेशा नावाचं शहर आहे. तिथून उत्तरेला डोंगरात एक अरुंद खोरं शिरतं, त्याचं नाव वाल त्रोम्पिया. मधून मेल्ला नदी वाहते. बसने वीस-एक किलोमीटर वर गेलं, की गार्दोने गाव लागतं. आल्प्सच्या पायथ्याचं गाव म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे गाई आणि हिरवी कुरणं आली असतील. तीही आहेत, पण वरच्या अंगाला. गार्दोने हे कारखान्यांचं गाव. इथे पिढ्यान् पिढ्या बंदुका बनतात.

बंदुका इथेच का? खोऱ्याच्या वरच्या भागात लोखंडाच्या खाणी होत्या. भट्टी पेटवायला कोळसा हवा, तर डोंगरभर जंगल होतं. आणि तापलेल्या लोखंडावर घणाचे घाव घालायला नदीच्या पाण्यावर फिरणारी चाकं. तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी! १५२६ साली व्हेनिसच्या शस्त्रागाराने बार्तोलोमेओ बेरेत्ता नावाच्या इथल्या कारागिराला बंदुकीच्या १८५ नळ्यांचे २९६ डुकाट दिले, अशी नोंद आहे. करा बघू भागाकार. एका नळीला १.६ डुकाट पडले. त्याच घराण्याचा कारखाना आजही गार्दोनेतच आहे. आपल्याकडे १५२६ हे पानिपतच्या पहिल्या लढाईचं साल, म्हणजे दुकान किती जुनं ते बघा!

त्या १८५ नळ्या काही खेळासाठी नव्हत्या, हे लपवून चालणार नाही. या खोऱ्याने लढायांना हत्यारं पुरवली, आणि पोलिसांच्या, लष्कराच्या बंदुका इथे अजूनही बनतात. गावातलं शस्त्रांचं संग्रहालय बघताना अंगावर जरा काटा येतोच. खेळाची बंदूक त्याच लोखंडातून निघाली, म्हणूनच ती वापरणाऱ्यांचे नियम फार कडक असतात.

गावात एक सरकारमान्य चाचणीगृह आहे. खोऱ्यात बनलेली प्रत्येक बंदूक विकण्याआधी तिथे जाते. नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस घालून ती उडवतात. टिकली, तर नळीवर ठसा मारतात. ठशाशेजारी सालाची खूण म्हणून अक्षरंही कोरतात. जुनी बंदूक घेणाऱ्याने ती अक्षरं आधी वाचावीत. ‘फारशी वापरलेली नाही हो’ असं विकणारा कितीही म्हणाला, तरी निदान वय कळतं!

आता ताईची खरेदी. दुकानाच्या भिंतीवर बंदुका ओळीने मांडलेल्या असतात. एकीच्या बाजूला चांदीसारख्या पत्र्यावर तितर आणि शिकारी कुत्रे कोरलेले, दस्त्याचं अक्रोडाचं लाकूड असं की त्यात ढगांची नक्षी दिसावी. शेजारची अगदी साधी. हाताने कोरलेल्या बंदुकीची किंमत मोटारगाडीच्याही पुढे जाते. साध्या, पहिल्या पायरीच्या बेरेत्ताला दोन-अडीच हजार युरोंच्या आसपास पडतात. तुर्कस्तानात बनलेल्या त्याहूनही स्वस्त मिळतात. त्यातल्या काही चांगल्या असतात, पण घेण्यापूर्वी सुटे भाग आणि दुरुस्ती आपल्याकडे मिळेल का ते विचारलेलं बरं. मग वरचा पैसा कशाचा? बराचसा नक्षीचा, लाकडाचा आणि हातकामाचा. उडत्या तबकडीला नक्षी दिसत नाही!

खरी गोष्ट वेगळीच आहे. रायफलला पुढे माशी असते आणि मागेही नेम धरायची जागा असते. या बंदुकीला पुढे एक मणी असतो आणि मागे काहीच नसतं. मागची जागा तुमच्या डोळ्याची! गाल दस्त्यावर टेकला की डोळा जिथे येईल, तिथून बार जाणार. डोळा वर राहिला तर बार वर, बाजूला गेला तर बाजूला. म्हणून दस्ता अंगाला बसणं हेच पहिलं. पायाला न बसणारा बूट कितीही भारी असला, तरी त्यात धावता येतं का? तसंच हे.

म्हणून चांगला दुकानदार ताईला आधी किंमत विचारत नाही. तो तिला बंदूक खांद्याला लावायला सांगतो, तीही डोळे मिटून. मग म्हणतो, उघडा. मणी नळीच्या बरोबर मध्यावर दिसला, तर दस्ता जवळपास बसला. नुसती पट्टीच दिसली, म्हणजे डोळा उंच आहे. मणी दिसेनासा झाला, म्हणजे डोळा खाली गेला. दस्ता फार लांब असेल, तर तो काखेत अडकतो. आपल्या मुलींना हा त्रास फार होतो, कारण कारखान्यातला साधा दस्ता उंचपुऱ्या पुरुषाच्या मापाने कापलेला असतो. तो कापून लहान करता येतो, आणि तो खर्च नक्षीपेक्षा शंभरपट कामाचा.

आणखी एक गंमत तुम्ही आत्ता, वाचता वाचता करू शकता. दोन्ही हात लांब करा, तळव्यांमध्ये छोटंसं त्रिकोणी भोक ठेवा आणि त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघा. आता डावा डोळा मिटा. घड्याळ जागेवरच दिसतंय? तर तुमचा उजवा डोळा ‘मालक’ आहे. गायब झालं? मग डावा मालक! काही जण उजवे असतात आणि मालक डोळा मात्र डावा असतो. अशांनी उजव्या खांद्याला बंदूक लावली, तर डोळा एकीकडे आणि नळी भलतीकडे. त्यांना एक तर डाव्या खांद्यावर शिकावं लागतं, नाही तर चष्म्याच्या डाव्या काचेवर छोटीशी पट्टी चिकटवावी लागते. खरेदीच्या आधी हे तपासलं नाही, तर पैसे पाण्यात.

मग वजन. दुकानात हलकी बंदूक हातात घेतली की छान वाटतं. पण ती रानात दिवसभर हिंडून चार-दोन बार काढण्यासाठी असते, भरते तीन किलोच्या आसपास. ताईला एका दिवसात शंभर-दोनशे बार काढायचेत. प्रत्येक बाराला खांद्यावर धक्का बसतो, आणि बंदूक जितकी जड तितका तो कमी लागतो. म्हणून खेळाची बंदूक साडेतीन किलोच्या पुढची असते. नळ्या ७१ किंवा ७६ सेंटिमीटर लांबीच्या घ्याव्यात. जरा लांब नळी हवेत सरळ रेषेत फिरते, मधेच थबकत नाही.

नळीच्या तोंडाशी चोक असतो. काडतुसातून एक गोळी नाही, तर तीनशेच्या आसपास बारीक छर्रे निघतात. चोक आवळ असेल तर ते दूरवर एकत्र राहतात, सैल असेल तर लवकर पसरतात. ट्रॅपमध्ये तबकडी लांब पळते, तिथे आवळ चोक हवा. स्कीटमध्ये ती जवळून आडवी जाते, तिथे सैल. पहिल्या बंदुकीला स्क्रूने बदलता येणारे चोकच असावेत असं माझं मत. ताई पुढे कुठला प्रकार धरेल, हे आज तिलाही कुठे माहीत आहे?

‘पण दोन नळ्या एकावर एकच का? तिसऱ्या कुठल्या पद्धतीची आणखी स्वस्त मिळेल की!’ असं तुमच्या बाबांनी विचारलं, तर बरोबरच आहे. आपोआप काडतूस भरणारी बंदूक स्वस्त पडते. मात्र ओव्हर-अंडर मधोमध मोडून उघडता येते, आणि मोडलेली बंदूक रिकामी आहे हे दहा पावलांवरून कोणालाही दिसतं. मैदानावर सगळे ती मोडलेलीच हातात धरतात. शिवाय शेजारी नळ्या असल्या की डोळ्यांपुढे रुंद पाट येतो, एकावर एक असल्या की एकच बारीक रेघ.

अशी बंदूक एके काळी बड्या लोकांचीच होती. लंडनच्या बॉस कंपनीने १९०९ साली बनवलेली ओव्हर-अंडर सामान्य माणसाने नुसती बघावी अशी होती. मग जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने ठरवलं, की कारखान्यात बनेल आणि बेताच्या किमतीत जाईल अशी करायची. त्यावर काम चालू असतानाच १९२६ साली बेल्जियममध्ये लिएजजवळच्या कारखान्यात त्याचा मृत्यू झाला. उरलेलं काम मुलाने, व्हॅलने पुरं केलं. आज ब्राउनिंगच्या नावाच्या अनेक ओव्हर-अंडर जपानच्या मिरोकू कारखान्यात बनतात. ताईने त्याही खांद्याला लावून बघाव्यात. बेरेत्तापेक्षा त्यांचा मधला भाग थोडा उंच असतो, कारण त्यांचा बिजागराचा खिळा नळ्यांच्या खालून आरपार जातो. बेरेत्ताचे खुंट नळ्यांच्या दोन बाजूंना असतात. कुठली हातात बसते, ते हातच सांगेल.

नवी परवडत नसेल, तर जुनी घ्यावी. चांगली ओव्हर-अंडर नीट सांभाळली तर हजारो बार सहज काढते. फक्त तपासणी जाणत्या माणसाकडून करून घ्यायची. तो काय करतो, बघा. पुढचं लाकूड काढून बंदूक हलकेच हलवतो. खुळखुळ वाजली तर बिजागर झिजला. वरची कळ बघतो. बंद असताना ती किंचित उजवीकडे असेल तर बरं, मध्य ओलांडून डावीकडे गेली असेल तर बंदूक खूप वापरलेली. मग नळ्या सुट्या करून बोटावर लटकवतो आणि टिचकी मारतो. घंटेसारखा नाद आला तर जोड पक्का. ‘थड्’ असा आवाज आला, तर तो नळ्या परत ठेवून देतो आणि चहा मागवतो!

ब्रेशाच्या पूर्वेला बोत्तिचीनो गाव आहे. तिथला संगमरवर रोमच्या भल्याथोरल्या व्हित्तोरिओ इमान्युएले स्मारकाला लागला. पण नेमबाज तिथे जातात ते पेरात्सीच्या कारखान्यासाठी. दानिएले पेरात्सी यांनी तो १९५७ साली सुरू केला, आणि १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये एन्नियो मात्तारेल्लीने त्यांच्याच बंदुकीवर ट्रॅपचं सुवर्णपदक जिंकलं. आपले अनेक अव्वल नेमबाजही ब्रेशा भागातल्या बंदुका वापरतात. पेरात्सी दहा हजार युरोंच्या पुढे जाते. ताईने आत जाऊन बघावी, आणि हात मागे बांधून बाहेर यावं.

तिथून पुढे गार्दा सरोवराच्या वाटेवर लोनातो लागतं. २०१९ साली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा इथल्याच मैदानावर झाली. ट्रॅपमध्ये नेमबाजासमोर जमिनीत चर असतो, त्यात १५ यंत्रं लपलेली. नेमबाज ओरडला की त्याच्या समोरच्या तीनपैकी एखाद्या यंत्रातून तबकडी सुटते. कुठल्या, ते त्याला माहीत नसतं! तबकडी ११ सेंटिमीटर रुंदीची, वजन साधारण १०५ ग्रॅम. म्हणायची मातीची, पण खरी असते डांबरासारख्या पदार्थाची आणि चुनखडीच्या भुकटीची. एका फेरीत २५ तबकड्या, आणि प्राथमिक फेरीत प्रत्येकीला दोन बार. म्हणजे एका फेरीला ५० काडतुसांपर्यंत खर्च!

इथे कागद-पेन्सिल घ्या. ताईने आठवड्यातून दोन दिवस, रोज चार फेऱ्या केल्या, तर तबकड्या झाल्या २००, काडतुसं २०० ते ४००. वर्षाचे ५० आठवडे धरा. दहा हजार ते वीस हजार काडतुसं! बंदूक एकदाच घ्यायची, काडतुसं मात्र रोज. त्यात कानांवरची आवरणं, डोळ्यांचा चष्मा, मैदानाची फी आणि प्रवास मिळवा. ज्याने सगळे पैसे बंदुकीवर घातले, तो महिन्याभरात घरी बसतो. म्हणून ताईच्या वहीत ‘बंदूक’ या ओळीखाली ‘काडतुसं’ ही ओळ आधीच लिहिलेली हवी, आणि तिच्यासमोरचा आकडा मोठा हवा.

लोनातोच्या मैदानावर सकाळी चालत गेलात, तर पायाखाली नारिंगी तुकड्यांचा खच दिसेल. त्यात अधूनमधून एखादी अख्खी तबकडीही सापडते. कोणाची तरी सुटलेली!