रक्तातच आहे त्यांच्या!

रेल्वेच्या डब्यात चार-सहा तासांची सोबत झाली, की एक विषय हमखास निघतो. कुणी म्हणतं, अमक्या समाजाच्या रक्तातच धंदा आहे. दुसरं कुणी सांगतं, तमक्यांची पोरं जन्मतःच गणितात हुशार. मग तिसरा आवाज जरा खाली आणून आणखी एका समाजाचं नाव घेतो आणि म्हणतो, त्यांचं काही होणार नाही, कितीही करा. माना डोलतात. स्टेशन येतं, चहा येतो, विषय बदलतो. रक्ताचा निकाल मात्र लागून गेलेला असतो.

असा निकाल किती कच्चा असतो, हे पाहायचं तर अमेरिकेतल्या इटालियन लोकांची हकिगत पाहावी. आज त्यांच्या घरांचं उत्पन्न त्या देशाच्या सरासरीपेक्षा वरचं आहे. न्यायमूर्ती, गव्हर्नर, बँकर, प्राध्यापक सगळे त्यांच्यात सापडतात. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच लोकांकडे बोट दाखवून 'यांचं काही होणार नाही' असं त्या देशातली शिकलीसवरलेली माणसं छातीठोकपणे सांगत होती. नुसतं सांगून थांबली असती तरी बरं. १८९१ च्या मार्चमध्ये न्यू ऑर्लिन्स शहरात जमावानं तुरुंग फोडून अकरा इटालियनांना ठार मारलं. पोलीस प्रमुखाच्या खुनाच्या खटल्यात त्यांच्यातल्या कुणावरही गुन्हा शाबीत झालेला नव्हता.

मुळात इटली म्हणजे तरी एक कुठे होती? १८६१ साली देश एक झाला, पण उत्तर आणि दक्षिण यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर राहिलं. १९०१ च्या शिरगणतीत उत्तरेकडच्या पिएमाँतमध्ये शंभरातली वीसाच्या आतबाहेर माणसं निरक्षर होती. दक्षिणेच्या कालाब्रिया आणि बाझिलिकाता या भागांत तोच आकडा पाऊणशेच्या घरात किंवा त्याच्याही वर होता. दक्षिणेत जमीन बड्या जमीनदारांची, पाणी कमी, मलेरिया फार. शाळा असली तर दोन-तीन इयत्तांची. अमेरिकेच्या सरकारी दप्तरानं १८९९ पासून 'उत्तर इटालियन' आणि 'दक्षिण इटालियन' हे चक्क दोन वेगळे वंश म्हणून मोजायला सुरुवात केली. उत्तरेचे बरे, दक्षिणेचे वाईट, असा त्याचा सरळ अर्थ. आणि अमेरिकेत येणाऱ्यांत दक्षिणेचेच फार होते.

बाझिलिकातामधल्या आविल्यानो नावाच्या डोंगरी गावातलं असंच एक कुटुंब १८९६ साली न्यूयॉर्कला आलं. बाप काही वर्षं आधीच येऊन मिळेल ते काम करत होता. मागून आई आणि मुलं आली. थोरला लिओनार्दो कोव्हिएलो तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होता. पुढं तो मोठा शिक्षक झाला, आणि त्यानं आपली सगळी कहाणी लिहून ठेवली म्हणून हे घर आपल्याला आतून पाहता येतं.

पूर्व हार्लेममधल्या चाळीत हे लोक राहिले. मुलाला जवळच्या एका धर्मादाय शाळेत घातलं. तिथं दुपारी मुलांना सूप मिळे, म्हणून गल्लीत तिला 'सूप शाळा'च म्हणत. एकदा शाळेतून घरी न्यायला म्हणून ओटच्या भरडीची पुडी मिळाली. बापानं ती हातात घेऊन पाहिली. त्याच्या गावी असलं भरड धान्य डुकरांपुढं ठेवत. ही कसली शाळा, असं त्याला वाटलं. वाचताना हसू येतं, पण त्या माणसाच्या जागी क्षणभर उभं राहून पाहावं. मान राखून जगण्यासाठी समुद्र ओलांडून आलेला बाप, आणि पोराच्या हातात जनावरांचं खाणं!

पुढं त्याहून मोठा प्रसंग झाला. शाळेतल्या बाईंना 'कोव्हिएलो' म्हणायला जड जाई. त्यांनी त्यातलं एक अक्षर गाळून 'कोव्हेलो' केलं आणि प्रगतिपुस्तकावर तेच नाव आलं. बापानं सही करताना ते पाहिलं आणि घरात वाद पेटला. नाव म्हणजे काय ठिगळ आहे, वाटेल तसं कापायला? आई तर फारच दुखावली. मुलगा मात्र मित्रासमोर लाजून, घाईनं म्हणत राहिला की त्यानं काय बिघडतं, उच्चार सोपा होतो. एका अक्षरावरून आईबाप एका काठाला आणि मुलगा दुसऱ्या काठाला गेला. शाळेत इटलीचं नावही कुणी घेत नसे, तेव्हा इटालियन असणं ही लपवायची गोष्ट आहे, एवढं पोरं न सांगता शिकत. आपल्याकडे गावाकडची भाषा बोलणाऱ्या आईला शाळेच्या फाटकाबाहेरच थांबायला सांगणारी मुलं असतात. त्यांच्या घरी हे वेगळं समजावून सांगायला नको.

बाराव्या वर्षी लिओनार्दो पहाटे साडेचारच्या सुमारास उठून एका बेकरीचे पाव घरोघर पोचवू लागला. त्यानंतर शाळा. पुढं आईचं आजारपण आणि पैशाची ओढाताण यांत हायस्कूल सुटलं. विशेष म्हणजे, त्यानं शाळा सोडली याचं शाळेत कुणालाच काही वाटलं नाही. इटालियन मुलगा कामाला लागणार, हे गृहीतच होतं. तो परत गेला तो स्वतःच्या हट्टानं. शिष्यवृत्ती मिळवून त्यानं कोलंबिया विद्यापीठात प्रवेश घेतला आणि १९११ साली पदवीधर झाला. त्याच्या बरोबरीचे बहुतेक परत गेले नाहीत.

का गेले नाहीत, हा खरा प्रश्न. लोक म्हणत, इटालियनांना शिक्षणाची आवडच नाही. खुद्द त्यांच्यातच 'मुलाला आपल्याहून शहाणं करू नये' अशा अर्थाची म्हण होती, हेही खरं. पण म्हणी काही आकाशातून पडत नाहीत. दक्षिणेच्या गावात कुटुंब हीच शेती, हाच विमा आणि हीच बँक. बारा वर्षांचा मुलगा म्हणजे कमावता हात. त्याला आणखी सहा वर्षं बाकावर बसवणं म्हणजे घराचा एक खांब काढून ठेवणं. शिवाय अनेकांना परतच जायचं होतं. पहिल्या महायुद्धाआधीच्या दहा-पंधरा वर्षांत तीस लाखांच्या आसपास इटालियन अमेरिकेत आले आणि त्यांतले अर्ध्याच्या जवळपास परत फिरले. चार पैसे गाठीला बांधायचे, गावी जमिनीचा तुकडा घ्यायचा, हा हिशेब. परतणाऱ्याला इंग्रजी व्याकरणाचा काय उपयोग? आणि काम मिळवून देणारा तर मुकादम. तो बोटीवरून उतरलेल्यांना रेल्वेच्या रुळांवर, भुयारी मार्गांच्या खोदाईवर घेऊन जाई, मजुरीतून आपला हिस्सा कापी, राहण्या-खाण्याचे वेगळे लावी. आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना हा माणूस चांगला ठाऊक आहे.

मुलींचं तर विचारूच नका. त्या घरात बसून आईबरोबर कागदाची फुलं करत, कपड्यांची तुरपाई करत, किंवा शिवणकामाच्या कारखान्यात जात. २५ मार्च १९११ ला न्यूयॉर्कच्या ट्रायँगल कारखान्याला आग लागली, दारं बंद होती, आणि १४६ जीव गेले. त्यांत बहुसंख्य ज्यू आणि इटालियन पोरी होत्या.

याच ज्यू शेजाऱ्यांशी इटालियनांची सतत तुलना होई. एकाच बोटीच्या खालच्या वर्गातून आलेले, एकाच वस्तीच्या आसपास राहिलेले. मग ज्यूंची मुलं कॉलेजात आणि इटालियनांची मुलं विटा वाहायला, असं का? उत्तर लोक रक्तात शोधत. पण ज्यू आले ते परतीचं दार बंद करून, बायकापोरांसकट. गावं-शहरं यांत शिंपीकाम, दुकानदारी करून आलेले, बरेचसे साक्षर. त्यांना न्यूयॉर्कमध्ये त्यांचाच धंदा वाट पाहत होता. शेतमजुराला न्यूयॉर्कमध्ये शेत कुठून मिळणार?

रक्ताची परीक्षाही झाली बरं का. १९१३ च्या सुमारास हेन्री गोडार्ड या मानसशास्त्रज्ञानं एलिस बेटावर उतरणाऱ्या थोड्या माणसांच्या बुद्धीच्या चाचण्या घेतल्या. निष्कर्ष निघाला: इटालियनांत शंभरातले ७९ मंदबुद्धी. आणि ज्यूंत? ८३! ज्यांची पोरं पुढल्या पिढीत विद्यापीठं गाजवणार होती, त्यांना या मोजपट्टीनं इटालियनांच्याही खाली बसवलं. समुद्रप्रवासानं गळालेल्या, हातात कधी पेन्सिल न धरलेल्या माणसांची ती परीक्षा. मोजपट्टीवर शंका घ्यायचं सोडून देशानं माणसांवरच शंका घेतली. असल्या समजुती हवेत असतानाच १९२४ चा कायदा आला आणि इटलीहून वर्षाला चार हजारांहूनही कमी लोकांना प्रवेश उरला.

पण हेच इटालियन जिथं दुसऱ्या दारानं शिरले, तिथलं चित्र पाहा. अर्जेंटिनात ब्वेनोस आयरेसला ते लवकर गेले. सुरुवातीला उत्तरेकडचेच अधिक होते. भाषा जवळची, शहर नुकतं वाढू लागलेलं, आणि वर कुणी बसलेलं नाही. १८५८ मध्येच त्यांची परस्पर साहाय्याची संस्था होती, १८७२ मध्ये स्वतःची बँक झाली. दुकानं, कारखाने यांच्या मालकांत त्यांचा मोठा वाटा होता. कॅलिफोर्नियातही तसंच. जेनोआकडून आलेल्या घरातल्या ए. पी. जियान्नीनी यांनी १९०४ साली सॅन फ्रान्सिस्कोत 'बँक ऑफ इटली' काढली. १९०६ च्या भूकंपात भाजीच्या गाडीत रोकड लपवून बाहेर काढली आणि धक्क्यावर फळी टाकून कर्जं द्यायला बसले. हीच पुढं १९३० मध्ये बँक ऑफ अमेरिका झाली. देश तोच, इटालियनही तेच. गाव वेगळं, वेळ वेगळी, दार वेगळं.

न्यूयॉर्कच्या इटालियनांची गाडी हळूहळू चढली. कामगार संघटना आल्या. दुसऱ्या महायुद्धात मुलं सैन्यात गेली आणि १९४४ च्या कायद्यानं परतलेल्या सैनिकांना सरकारी खर्चानं शिकता आलं, घरासाठी कर्ज मिळालं. १९७० मध्ये न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठानं हायस्कूल उत्तीर्ण होणाऱ्या प्रत्येकाला दार उघडलं, तेव्हा आत शिरणाऱ्यांत इटालियन घरांतली पुष्कळ मुलं होती. तरीही १९७६ साली त्याच विद्यापीठाला नोकरभरतीत इटालियन वंशीयांकडे खास लक्ष द्यावं लागलं, इतके ते प्राध्यापकवर्गात कमी होते. गंमत अशी, की १९८० च्या जनगणनेपर्यंत युद्धानंतर जन्मलेल्या पिढीचं शिक्षण इतर गोऱ्यांच्या बरोबरीला आलेलं होतं. दोन-तीन पिढ्यांत रक्त बदलत नाही.

लिओनार्ड कोव्हेलो १९३४ मध्ये पूर्व हार्लेममधल्याच बेंजामिन फ्रँकलिन हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. त्यांनी आईबापांना शाळेत बोलावलं, त्यांच्या भाषेत बोलले. इटालियन भाषेला शाळांत इतर परकीय भाषांच्या बरोबरीचा दर्जा मिळावा म्हणून ते त्याआधीच झगडले होते. पण वस्ती बदलत होती. इटालियन निघून चालले, पोर्तो रिकोचे लोक येऊ लागले. मग ज्या वस्तीनं कधी काळी स्वतः शिव्या खाल्ल्या होत्या तिथंच नव्यांना त्या ऐकू येऊ लागल्या. १९४५ मध्ये शाळेभोवती इटालियन आणि कृष्णवर्णीय मुलांत मारामाऱ्या झाल्या, तेव्हा समजूत घालायला फ्रँक सिनात्रा येऊन गेला. कोव्हेलो १९५६ मध्ये निवृत्त झाले, आणि नंतरही पोर्तो रिकोच्या लोकांसाठी काम करत राहिले.

आपल्याकडच्या बैठकीत आणखी एक वाक्य ऐकू येतं: अमेरिकेत बघा, भारतीय सगळ्यांत पुढं. कमाईच्या हिशेबात ते पुढं आहेत यात शंका नाही. पण १९६५ च्या कायद्यानंतर जे गेले ते कोण होते? डॉक्टर, इंजिनियर, पदव्युत्तर विद्यार्थी. गाळणीतून गाळून घेतलेले. त्यांची तुलना आविल्यानोच्या शेतमजुराशी कशी करायची? करायचीच तर आपल्याही मजुराशी करावी, आणि तो भेटतो खुद्द इटलीत.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत पंजाबातून कितीतरी माणसं इटलीला गेली. उत्तरेत पो नदीच्या खोऱ्यात ती गोठ्यांवर लागली. नामांकित चीज ज्या दुधाचं होतं, ते दूध काढण्यात त्यांचे हात आहेत. काम कायमचं, पगार नियमानं, राहायला जागा. नोव्हेल्लारा गावी २००० साली मोठा गुरुद्वारा उभा राहिला. दक्षिणेकडे रोमच्या खाली लातिना भागात गेलेल्यांच्या वाट्याला भाजीपाल्याची शेतं आली, आणि मुकादम. इटालियनमध्ये त्याला 'कापोराले' म्हणतात. त्याच्याविरुद्ध २०१६ मध्ये कायदा झाला. तरीही जून २०२४ मध्ये तिथल्या एका पंजाबी मजुराचा हात यंत्रात तुटला आणि त्याला दवाखान्यात न नेता घराबाहेर टाकून दिलं गेलं. तो वाचला नाही. गोठ्यावरचा आणि शेतावरचा, दोघेही पंजाबचेच.

या लोकांची मुलं इटलीत जन्मतात, इटालियन शाळेत जातात, आणि नागरिकत्वासाठी बहुधा अठराव्या वर्षापर्यंत थांबतात. २०२५ पर्यंत मात्र ब्वेनोस आयरेस किंवा न्यूयॉर्कमधल्या माणसाला, इटली कधी न पाहता, पणजोबाच्या दाखल्यावर इटलीचा पासपोर्ट मागता येत होता. त्या वर्षी कायदा बदलून हा हक्क आईबाप आणि आजीआजोबांपर्यंत आणून ठेवला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये परदेशी माणसाला दहाऐवजी पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्वाचा अर्ज करता यावा म्हणून सार्वमत झालं. पुरेसे लोक मतदानालाच आले नाहीत.