गोष्टीत गेलेले नाव

आपल्या घरातील एखाद्या मुलाचे नाव कोणा कथाकाराने उचलून गोष्टीत घातले, तर त्या घराला धन्यता वाटावी, की आपले काहीतरी परक्याच्या हाती गेले असे वाटावे? वरवर पाहता प्रश्न क्षुल्लक आहे. परंतु आर्थर रॅन्सम ह्यांचे ‘स्वॅलोज अँड ॲमेझॉन्स’ हे पुस्तक, आणि ज्या कुटुंबावरून ते सुचले त्या अल्टून्यान कुटुंबाची हकीकत, ही दोन्ही वाचल्यापासून तो माझ्या मनातून जात नाही.

१९३० साली निघालेली ही गोष्ट इंग्रज मुलांच्या कित्येक पिढ्यांनी वाचली आहे. उत्तर इंग्लंडातील सरोवरांच्या प्रदेशात सुटीसाठी आलेली जॉन, सुसान, टिटी आणि रॉजर ही भावंडे शिडाच्या होडीतून एका बेटावर जातात, तंबू ठोकतात, स्वतः रांधून खातात आणि दुसऱ्या होडीतील दोन बहिणींशी लुटुपुटीची लढाई खेळतात. तीत जादू नाही, राक्षस नाही. वडील माणसांनी मुलांवर टाकलेला विश्वास मात्र आहे.

ही मुले आली कोठून? कॉनिस्टन सरोवराच्या काठी डब्ल्यू. जी. कॉलिंगवूड हे विद्वान चित्रकार राहत असत. प्रख्यात ग्रंथकार रस्किन ह्यांचे ते चिटणीस. ह्या घराने तरुण रॅन्समला पोटच्या मुलासारखे जवळ केले होते. कॉलिंगवूड ह्यांची कन्या डोरा हिचा विवाह डॉ. अर्नेस्ट अल्टून्यान ह्यांच्याशी झाला. अर्नेस्ट ह्यांच्या आर्मेनियन वडिलांनी सीरियातील अलेप्पो शहरी रुग्णालय स्थापिले होते. पुढे अर्नेस्टही तेथेच काम करू लागले. १९२८ च्या उन्हाळ्यात हे कुटुंब मुलाबाळांसह कॉनिस्टनला आले. त्यांच्यासाठी ‘स्वॅलो’ व ‘मेव्हिस’ ह्या दोन होड्या घेण्यात आल्या, आणि मुलांना शीड हाताळण्यास शिकविण्यात रॅन्सम ह्यांचाही हात होता. परत जाण्यापूर्वी मुलांनी त्यांना वाढदिवसाची भेट म्हणून तुर्की सपातांचा जोड दिला. त्याच सपातांची परतफेड म्हणून पुस्तक लिहिल्याचे रॅन्सम ह्यांनी अर्पणपत्रिकेत नमूद केले. थोरल्या टाकीच्या जागी गोष्टीत जॉन हा मुलगा आला, सूझीची सुसान झाली. टिटी आणि रॉजर मात्र स्वतःच्या नावानिशीच आत शिरले.

पुढे पुस्तकाची कीर्ती वाढली तसे रॅन्सम ह्यांना हे नाते खुपू लागले. नंतरच्या आवृत्त्यांतून त्यांनी ती अर्पणपत्रिका काढून टाकली, आणि गोष्टीचे मूळ आपल्याच बालपणात आहे असे सांगितले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. त्यांच्याही लहानपणच्या सुट्या त्याच सरोवराकाठी गेल्या होत्या. तथापि एक गोष्ट खरी म्हणून दुसरी पुसून टाकावी, हे मला पटत नाही. शेत आपले असले तरी ज्याने बियाणे दिले त्याचा उल्लेख करण्यात शेतकऱ्याला कमीपणा कसला?

आता त्या रॉजरचे पाहा. गोष्टीतील रॉजर सात वर्षांचा आहे. वाऱ्यात शिडाची होडी झाल्याप्रमाणे तो माळावरून नागमोडी धावत येतो. खरा रॉजर अल्टून्यान १९२२ साली जन्मला. दुसऱ्या महायुद्धात तो वैमानिक होता. नंतर डॉक्टर झाला आणि काही काळ अलेप्पोच्या रुग्णालयात राबला. १९५६ साली सीरिया सोडावा लागल्यावर तो इंग्लंडात एका औषधसंस्थेत संशोधन करू लागला. त्याला स्वतःला दम्याचा विकार होता. भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील एका वनस्पतीपासून पूर्वीपासून औषध काढीत असत. त्यातील द्रव्यावरून तयार केलेली नवनवी रसायने त्याने आपल्याच देहावर तपासली. गिनीपिगच्या केसांचा अर्क हुंगून तो मुद्दाम दमा उठवी आणि औषधाने तो कितपत आवरतो हे मोजी. अशी वर्षे लोटली, आणि १९६५ साली सोडियम क्रोमोग्लायकेट हे द्रव्य हाती आले. विमानाच्या पंख्याच्या धर्तीवर फिरणारे, औषधाची पूड श्वासाबरोबर आत नेणारे उपकरणही त्याने योजिले. दम्यावर आज अधिक गुणकारी औषधे निघाली आहेत. पण हेच द्रव्य डोळ्यांच्या थेंबांत अजून वापरतात. १९८७ साली रॉजर वारला. गोष्टीतला रॉजर मनसोक्त धावतो. खऱ्याने इतरांना सुखाने श्वास घेता यावा म्हणून स्वतःचा श्वास पणाला लावला.

टिटीची हकीकत निराळी. तिचे पाळण्यातील नाव मेव्हिस. दोन उंदरांच्या एका जुन्या इंग्रजी लोककथेवरून घरी तिला टिटी म्हणू लागले. पुढे त्या शब्दाला इंग्रजी बोलीत ग्राम्य अर्थ चिकटला. म्हणून १९६३ च्या दूरचित्रवाणीवरील मालिकेत तिची ‘किटी’ झाली, आणि २०१६ च्या चित्रपटात ‘टॅटी’. तोपर्यंत ती हयात नव्हती. तिच्या आप्तांनी मात्र ह्या बदलाबद्दल उघड नापसंती दर्शविली. काहींना ह्यात फाजील हळवेपणा दिसेल. मला तसे वाटत नाही. वाचकाला जे केवळ पात्राचे नाव, ते त्या घरात जेवणासाठी हाक मारण्याचे नाव होते. लोकांच्या तोंडी अर्थ बिघडला म्हणून घरच्यांनी ते का टाकावे?

ती पाचही भावंडे आता राहिली नाहीत. ‘मेव्हिस’ ही होडी ‘ॲमेझॉन’ हे नाव धारण करून कॉनिस्टनच्या रस्किन संग्रहालयात आहे. वंशजांकडे पुस्तकाची मालकी नाही, आणि ती असावी असेही मी म्हणत नाही. गोष्ट एकदा सांगितली की ती ऐकणाऱ्याची होते. परंतु गोष्टीतील मुले कधी मोठी होत नाहीत. ती पुढे मोठी झाली, संसार, श्रम, देशत्याग, आजार ह्यांतून गेली, आणि त्यांतील एकाने जगाला औषध दिले, हे सांगण्याचा अधिकार त्यांच्या वंशजांचाच आहे. तेव्हा प्रारंभीच्या प्रश्नाला माझे उत्तर असे: घराने धन्यता खुशाल मानावी, पण आपल्या माणसाची उरलेली हकीकत आपण सांगत राहावी. कथाकाराला त्याचे बालपण पुरे होते. घरच्यांना त्याचे सारे आयुष्य सांभाळायचे असते.