थोरली हाय की

दिवाळी सरते, सोमेश्वर कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडते आणि कोऱ्हाळे बुद्रुकच्या आसपासच्या शिवारात कोप्या उभ्या राहू लागतात. बांबू, पाचट, वर ताडपत्री. ऊसतोडीच्या टोळ्या येतात त्या बीडकडून, अहिल्यानगरकडून. बैलं येतात, कोंबड्या येतात, लेकरं येतात. मुकादमाच्या वहीत लेकरांना रकाना नसतो. तिथं कोयते मोजले जातात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, जोडप्यानं घेतलेली असते. बाई लेकरापाशी थांबली, की उरतो अर्धा कोयता, आणि खाडा पडला की पैसे कापले जातात.

*

पहाटे, अजून अंधार असतानाच, टोळी फडाकडे निघते. तोडायचं, साळायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहनापर्यंत न्यायच्या. ट्रक रात्री आला तर रात्री भरायचा. अंगावर पिणारं मूल आई सोबत नेते. बांधावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी, झाड नसेल तर गाडीच्या खाली. झोळीभोवती उभा ऊस, त्यात साप, हल्ली बिबट्याही. चालायला लागलेलं मूल फडात नेणं त्याहून अवघड. सगळीकडं कोयते चालू असतात आणि पाचटात बसलेलं पोर पटकन दिसत नाही.

मी एकीला विचारलं, “ताई, बारक्याला कुणापाशी ठेवता?”

“थोरली हाय की.”

बोलता बोलता तिनं वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा उचलला. वाढी विकून मीठ-मिरचीचा खर्च निघतो.

*

थोरली आठ वर्षांची असेल. बाळ कडेवर घेऊन घेऊन ती एका अंगाला झुकून चालते. पाणी भरते, भाकरी झाकून ठेवते, चुलीजवळ गेलेल्याला ओढून आणते, बाळ रडायला लागलं की त्याला साखरेचं पाणी पाजते. बाळाला शांत करण्याची तिची एक युक्ती आहे. त्याच्या पोटावर तोंड टेकवून ती फुर्रर करते. बाळ हसतं, मग तीही हसते. त्या हसण्यात ती आठ वर्षांची दिसते, एरवी नाही.

*

१९४८च्या कारखाना कायद्यातलं कलम ४८ २०२५पर्यंत लागू होतं : तीसपेक्षा जास्त बायका कामाला असतील तिथं सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर हवं. साखर कारखान्याला ऊस तोडून देणाऱ्या बायका तीसच्या कितीतरी पट असतात. पण त्या फडात असतात, त्यांची बोली मुकादमाशी झालेली असते, त्यामुळे त्या कारखान्याच्या कामगार ठरत नाहीत. ऊस कारखान्याचा, तोडणारी कुणाचीच नाही. हे मला पटत नाही, कधी पटलेलं नाही.

*

थोरल्या मुलांसाठी थोडंफार झालं आहे. तोडकऱ्यांच्या मुलांसाठी कारखान्यांजवळ साखरशाळा निघाल्या. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. गावाकडं हंगामी वसतिगृहं आहेत, म्हणजे आईबाप तोडीला गेले तरी पोरांना आजीपाशी राहून शाळा चालू ठेवता येते. पण हे सगळं शाळेच्या वयापासून पुढचं. तान्हं कुठं ठेवणार? ते आईबरोबर येतं. आणि तान्हं येतं म्हणून त्याला सांभाळायला थोरलीही येते. वसतिगृहातली तिची जागा तिच्याच भावंडामुळे रिकामी राहते. तिला शाळेत बसवायचं असेल तर आधी बारक्याची सोय लावावी लागेल. आपण उलट्या टोकानं सुरुवात केली.

*

हे नवं मी सांगत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढं १९५७च्या सुमारास त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारल्यांच्या पाड्यांवरची मुलं शाळेला येत नाहीत, कारण कुणाच्या मागं गुरं तर कुणाच्या कडेवर भावंड, हे त्यांनी पाहिलं. म्हणून त्यांची विकासवाडी : पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा. मूल येत नसेल तर शाळेनं हलायचं.

*

अंगणवाडी गावोगाव आहे. १९७५च्या २ ऑक्टोबरला सुरू झालेली योजना, बाहेरून आलेल्या मुलालाही तिथं हक्कानं घ्यायचं असतं. सेविका भल्या असतात, कोपीपर्यंत चालत येऊन वजनं करून जातात. अडतं ते वेळेपाशी. अंगणवाडी चालते काही तास. आई पहाटे गेलेली असते, खिचडी खाऊन मूल परत येतं तेव्हा कोपी रिकामीच असते. २०२२ पासून केंद्राची ‘पाळणा’ योजना आहे, त्यात पाळणाघर रोज साडेसात तास चालवायचं आहे. तोडीचा दिवस त्याहून मोठा. तरी साडेसात तास मिळाले तर थोरलीची शाळा त्यात बसते.

*

गावातल्याही किती घरांत हेच. आई खुरपायला किंवा बारामतीच्या कंपनीत, बाप ट्रॅक्टरवर. फरक एवढाच, की इथं ओटा आहे आणि ओट्यावर आजी आहे.

*

मार्चअखेर. तोड संपत आली, कोप्या मोडायला लागल्या. थोरलीनं ताडपत्रीची घडी घालायला आईला हात लावला. त्यासाठी तिनं बाळाला खाली ठेवलं होतं. घडी झाली, आणि काही न बोलता तिनं त्याला पुन्हा त्याच कडेवर घेतलं.