जुन्या रेशमाची जपणूक

रेशमाविषयी जैन कुटुंबांत फार पूर्वीपासून दोन मते नांदत आली आहेत. कोशातील जीव मारल्यावाचून अखंड धागा सहसा हाती येत नाही, म्हणून कित्येक घरांनी रेशीम वर्ज्य केले. कित्येक घरांत मात्र लग्नातील रेशमी वस्त्र आजही मानाने जपलेले आढळते. कापडाच्या व्यापारावर उभ्या राहिलेल्या अशाच एका घरात नातीचे लग्न ठरले, तेव्हा हा प्रश्न नव्याने पुढे आला. आपल्यासाठी नवे रेशीम घ्यायचे नाही, हा नातीचा निश्चय होता. त्यामुळे आजीचे पन्नास वर्षांपूर्वीचे बिनजरीचे हिरवे लुगडे नेसावे असे ठरले. त्यावर घामाचे जुने डाग होते आणि त्याला कपाटातील कुबट वास येत होता. सर्वांचा सल्ला एकच होता : ड्रायक्लीनला द्या.

आजीला तो सल्ला मानवला नाही. तिचा आक्षेप व्यवहारी होता. ड्रायक्लीनिंगमध्ये पाणी नसते, तरी कपडा कोरडा राहत नाही. तो रासायनिक द्रावकात भिजतो. तेलातुपाचे डाग द्रावकात सहज सुटतात, पण घामाच्या क्षारांना पाणीच लागते. शिवाय अनेक ठिकाणी वापरले जाणारे परक्लोरोइथिलीन हे द्रावक मानवाला बहुधा कर्करोगकारक आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे वर्गीकरण आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने डिसेंबर 2024 मध्ये ड्रायक्लीनिंगमधील त्याचा वापर दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा नियम केला. किड्याची दया करणाऱ्याने, यंत्रापाशी दिवसभर त्या वाफा हुंगणाऱ्या कामगारालाही विसरू नये.

नातीची शंका रास्त होती. "आजी, रंग गेला तर?" आजीने काठाच्या आतल्या बाजूचा कोपरा ओला करून त्यावर पांढरे सुती फडके दाबून धरले. फडके पांढरेच राहिले, तेव्हाच लुगडे पाण्यात घालायचे ठरले.

रेशीम हे प्रथिन आहे. धुण्याचा सोडा आणि क्षारयुक्त साबण त्याला झिजवतात, तर क्लोरीनचे ब्लीच त्याचा नाशच करते. म्हणून बिया काढलेली रिठ्याची टरफले उकळून, ते पाणी निवल्यावर दुहेरी फडक्यातून गाळून घेतले. रिठ्याचे पाणी तपकिरी असते. फिकट रंगाच्या कापडासाठी ते जपूनच वापरावे लागते. गाळलेल्या थंड पाण्यात ते मिसळून लुगडे पाच-सात मिनिटे अलगद खालीवर केले. चोळणे नाही, पिळणे नाही. ओले रेशीम कोरड्याहून दुबळे असते आणि जुने रेशीम घडीवर विरलेले असते. म्हणून ते काठाला धरून न उचलता खाली चादर घालून दोघींनी मिळून उचलले. मग स्वच्छ पाण्यातून काढून पंचात गुंडाळून पाणी टिपले, सावलीत वाळवले आणि किंचित दमट असतानाच उलट्या बाजूने मंद इस्त्री केली. वास गेला, डाग फिकट झाले, पुरते गेले नाहीत. उरलेले डाग निऱ्यांत झाकले गेले.

प्रत्येक वस्त्राला हा न्याय लावता येत नाही. कोटाच्या आतील अस्तर आणि कॅनव्हास पाण्याने वेगवेगळे आटतात व कोट बेढब होतो. जॉर्जेट आणि क्रेप यांच्या पिळदार धाग्यांमुळे ते आखडतात, मखमलीची लव बसते, भरजरी पदराचा भरवसा नसतो. चिठ्ठीवर पाण्याच्या घमेल्यावर फुली असेल तर घरी धुण्याचा हट्ट धरू नये. वर्तुळाची खूण व्यावसायिक धुलाई दाखवते. त्यात डब्ल्यू हे अक्षर असेल, तर जाणकार धुलाईवाला ते वस्त्र पाण्यानेही धुऊ शकतो.

तत्त्वार्थसूत्रात परिग्रहपरिमाण व्रताच्या अतिचारांमध्ये 'कुप्य' हा शब्द येतो. पूज्यपादाचार्यांनी सर्वार्थसिद्धीत त्याचा अर्थ सांगताना सुती आणि रेशमी वस्त्रेही गणली आहेत. म्हणजे कपाटातील कपड्यांचीही मर्यादा श्रावकाने ठरवायची असते. मर्यादा घातली की जपणूक ओघानेच येते. हयगयीने नासलेले वस्त्र नव्या खरेदीला आणि नव्या हिंसेला वाट करून देते. वस्तू पाहून, जपून उचलावी आणि जपून ठेवावी, ही आदाननिक्षेपण समिती मुनींसाठी सांगितलेली आहे. ओले लुगडे चादरीवरून उचलणाऱ्या चार हातांनी तिचा अल्पसा अंश गृहस्थाश्रमातही पाळला. ज्या जिवांचा तो धागा होता, त्यांचे प्राण परत येणार नाहीत. त्यांच्यामागोमाग आणखी जीव जाऊ नयेत, एवढे मात्र घराच्या हाती असते.